क्लोरीनमध्ये साडेअठरा न्यूट्रॉन? अणुअंक, मास नंबर आणि आयसोटोपचा हिशोब, रावेरच्या केळीसकट

रावेरकडच्या बारावीच्या एका पोराने मेसेज टाकलाय. नीटची तयारी करतोय, घरी केळीचा बाग आहे. मेसेज लांबलचक आहे, थोडक्यात असा: "सर, अणुअंक, मास नंबर, आयसोटोप सगळ्या व्याख्या पाठ आहेत पण प्रश्न समोर आला की गोंधळ होतो. टेबलवर क्लोरीन ३५.५ लिहिलंय, त्यातून १७ प्रोटॉन काढले की साडेअठरा न्यूट्रॉन उरतात, हे कसं? आर्गॉन ३९.९५ चा असून ३९.१ च्या पोटॅशियमच्या आधी का बसवलाय? कोणत्या एलिमेंटला किती आयसोटोप हे काढायचा काही फॉर्म्युला आहे का? आणि केळीत रेडिओऍक्टिव्ह पोटॅशियम असतं असं एका रीलमध्ये बघितलं, घरचे म्हणताय अफवा आहे, खरं काय?"

हे बघ भो, प्रश्न चार दिसताय पण अडलंय एकाच जागी. तू तीन आकडे दोनच समजून चाललाय. अणुअंक हा एक आकडा, मास नंबर हा दुसरा, आणि पिरिऑडिक टेबलवर चौकोनात खाली जो दशांशवाला आकडा छापतात तो तिसरा, आणि हा तिसरा मास नंबर नाहीये. पहिले दोन मोजलेले आहेत, म्हणजे डोकी मोजलीत, त्यात अर्धं-पाव येऊच शकत नाही. तिसरा सरासरीचा आहे. मी जळगाव जिल्ह्यात वर्षानुवर्षं अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवतोय, तुझा साडेअठरावाला प्रश्न दर बॅचला कोणीतरी विचारतंच, अहिराणीत पण विचारून झालंय, "सर, अर्धा न्यूट्रॉन कोठे ठेवतस?" प्रश्न एकदम बरोबर आहे, कारण ज्याला हा पडत नाही तो नुसतं वजाबाकी करून पुढे निघून जातो.

अणुअंक म्हणजे न्यूक्लियसमधले, अणूच्या गाभ्यातले प्रोटॉन, बास. एलिमेंट कोण हे तोच ठरवतो, दुसरं काहीच ठरवत नाही. १७ प्रोटॉन असले की तो क्लोरीन, मग न्यूट्रॉन १८ असू दे, २० असू दे, इलेक्ट्रॉन १७ असू दे नाहीतर क्लोराइड आयन होऊन १८ असू दे. आयनचा प्रश्न आला की पोरं अणुअंक बदलून टाकतात, इलेक्ट्रॉन वाढला म्हणून १८ लिहितात आणि क्लोरीनचा आर्गॉन करून मोकळे होतात. इलेक्ट्रॉन येतो-जातो, प्रोटॉन जागचा हलत नाही.

आणि हा अणुअंक सुरुवातीला नुसता क्रमांक होता बरं का, वजनाच्या क्रमाने रांग लावली की कितवा नंबर आला तो. १९१३ मध्ये हेन्री मोझली नावाच्या पंचविशीतल्या माणसाने एकेक एलिमेंटवर इलेक्ट्रॉनचा मारा करून त्यातून निघणाऱ्या एक्स-रेची फ्रिक्वेन्सी मोजली, आणि फ्रिक्वेन्सीचं वर्गमूळ घेतलं तर एका एलिमेंटपासून पुढच्यापर्यंत सारख्या पायरीने वाढत जातं असं त्याला दिसलं. वजन असं सारख्या पायरीने वाढत नाही, कुठे दोनने वाढतं, कुठे चारने, कुठे तर उलटं कमी होतं. म्हणजे क्रमांकाच्या मागे न्यूक्लियसमधला खराखुरा काहीतरी एकेकाने वाढणारा हिशोब आहे, तो म्हणजे पॉझिटिव्ह चार्ज. याच पायऱ्यांवरून त्याने सांगितलं की ४३, ६१, ७२ आणि ७५ या जागा रिकाम्या आहेत, तिथले एलिमेंट अजून सापडायचे आहेत. पुढे चारही सापडले. मोझली मात्र १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत २७ व्या वर्षी मारला गेला, नोबेल राहून गेलं.

आता मास नंबर. प्रोटॉन अधिक न्यूट्रॉन. इथे नीट लक्ष दे कारण गोंधळाचं मूळ इथेच आहे: मास नंबर हा एलिमेंटचा नसतो, एका अणूचा असतो. "क्लोरीनचा मास नंबर किती" हा प्रश्नच अर्धवट आहे, कोणत्या क्लोरीनचा ते सांगावं लागतं. क्लोरीन-३५ मध्ये १७ प्रोटॉन आणि १८ न्यूट्रॉन, क्लोरीन-३७ मध्ये १७ प्रोटॉन आणि २० न्यूट्रॉन. प्रोटॉन तेवढेच पण न्यूट्रॉन वेगळे, म्हणून हे दोघे एकमेकांचे आयसोटोप, टेबलवर घर एकच. निसर्गात सापडणाऱ्या क्लोरीनमध्ये ३५ वाले ७५.७७ टक्के आणि ३७ वाले २४.२३ टक्के, ढोबळमानाने तीनास एक. मिठातला क्लोरीन घे, पोटॅशच्या गोणीतला घे, प्रमाण जवळपास हेच.

तुझ्या घरचं उदाहरण देतो. व्यापारी बांधावर येऊन म्हणतो रास, म्हणजे घडाचं सरासरी वजन, २० ची पडली. म्हणजे काय, तीन घड १९ किलोचे आणि एक घड २३ चा असला तरी रास २० च येते ना, ५७ आणि २३, ऐंशी भागिले चार. पण त्या चारातला एकही घड २० किलोचा नाही. ३५.४५ ही क्लोरीनची रास आहे. ३५.४५ वजनाचा क्लोरीनचा अणू जगात कुठेच नाही, आणि म्हणून राशीतून १७ वजा करून न्यूट्रॉन काढणं चूक.

हिशोब एकदा हाताने करून बघ. ३५ गुणिले ०.७५७७ म्हणजे २६.५२, आणि ३७ गुणिले ०.२४२३ म्हणजे ८.९७, बेरीज येते ३५.४८ च्या आसपास. टेबलवर मात्र ३५.४५ आहे. हे तीन-शतांश कुठे गेले? चूक तुझी नाही. ३५ आणि ३७ हे मास नंबर आहेत, डोक्यांची मोजणी, आणि अणूचं खरं वजन त्याच्या किंचित खाली असतं, क्लोरीन-३५ चं ३४.९६९ आणि क्लोरीन-३७ चं ३६.९६६. प्रोटॉन-न्यूट्रॉन एकत्र बांधले जातात तेव्हा थोडं वस्तुमान एनर्जी होऊन निघून जातं, त्यालाच मास डिफेक्ट म्हणतात. हे खरे आकडे टाकून परत गुणाकार कर, बरोब्बर ३५.४५ येईल. फक्त कार्बन-१२ चं वजन नेमकं १२ आहे, आणि तेही आपण तसं ठरवून घेतलंय म्हणून, बाकी सगळ्यांची मापं त्याच्याशी लावलेली आहेत.

मग पोरं काय शॉर्टकट मारतात, दशांश आकडा राउंड ऑफ करतात आणि त्याला मास नंबर म्हणतात. काही ठिकाणी हे चालून जातं. सोन्याला चालतं, टेबलवर १९६.९७, राउंड केलं १९७, आणि खरोखरच निसर्गात सोन्याचा एकच आयसोटोप आहे, सोनं-१९७. जळगावच्या सराफ बाजारातलं झाडून सगळं सोनं घे, प्रत्येक अणूत ७९ प्रोटॉन आणि ११८ न्यूट्रॉन. पण त्याच दुकानात शेजारच्या ट्रेमधली चांदी घे. टेबलवर १०७.८७, राउंड केलं १०८, आणि निसर्गात चांदी-१०८ चा एक अणू नाही! चांदी-१०७ आहे साधारण ५१.८ टक्के, चांदी-१०९ आहे ४८.२ टक्के, दोघांची सरासरी मधे पडते म्हणून १०८ दिसतो. तांब्याचं तेच, ६३.५५ राउंड करून ६४ लिहितात, पण असतं तांबं-६३ आणि तांबं-६५, चौसष्टवालं लॅबमध्ये बनवतात आणि तेरा तासांच्या आत निम्मं संपतं. त्यामुळे राउंड ऑफ ही सवय सोड. फ्लोरीन, सोडियम, अॅल्युमिनियम, फॉस्फरस, मँगॅनीज, कोबाल्ट, आर्सेनिक, आयोडीन, सोनं यांना निसर्गात एकच टिकाऊ आयसोटोप आहे म्हणून तिथे उत्तर बरोबर येतं, बाकी ठिकाणी नशीब. परीक्षेत मास नंबर वेगळा दिलेला असतो तो वापरायचा.

ज्यांना वाटतं ही सरासरी म्हणजे देवाने लिहून दिलेला आकडा आहे त्यांच्यासाठी शिसं आहे. नेहमीच्या शिशाचं अणुवस्तुमान २०७.२, पण युरेनियमच्या खनिजातून काढलेलं शिसं २०६ च्या आसपास भरतं, कारण युरेनियम-२३८ मोडत मोडत शेवटी शिसं-२०६ होतं, आणि थोरियमच्या खनिजात शिसं-२०८ जमतं म्हणून तिथे आकडा वर जातो. थिओडोर रिचर्ड्सने १९१४ मध्ये हे तोलून दाखवलं. दोन्ही शिसंच, दोन्हीत ८२ प्रोटॉन, केमिस्ट्री तीच, सरासरी मात्र खाणीप्रमाणे बदलते. आणि ज्याने आयसोटोप एकेक करून सुटे केले तो फ्रान्सिस अॅस्टन, १९१९ चं त्याचं मास स्पेक्ट्रोग्राफ, म्हणजे वजनाप्रमाणे अणू वेगळे पाडणारं यंत्र, त्यात निऑनचे २० आणि २२ वेगवेगळ्या रेषांवर पडले. आजही पेस्टिसाइड रेसिड्यू तपासणाऱ्या लॅबमध्ये मास स्पेक्ट्रोमीटरवर दोन युनिटच्या अंतराने तीनास एक उंचीची जोडी दिसली की केमिस्ट बघताक्षणी म्हणतो, या मॉलिक्यूलमध्ये एक क्लोरीन आहे.

फॉर्म्युल्याचं विचारलंस. नाहीये. अणुअंक दिला तर आयसोटोप किती आणि कोणते हे एका सूत्राने निघत नाही. पण काही नियम-वजा सवयी आहेत निसर्गाच्या, त्या माहीत असल्या की टेबल वाचता येतं. एक म्हणजे सुरुवातीच्या एलिमेंटमध्ये न्यूट्रॉन साधारण प्रोटॉनएवढेच, कार्बन ६-६, ऑक्सिजन ८-८, कॅल्शियम-४० मध्ये २०-२०. मग जसं पुढे जावं तसे न्यूट्रॉन जास्त लागायला लागतात. लोखंड-५६ मध्ये २६ ला ३०, सोन्यात ७९ ला ११८, शिसं-२०८ मध्ये ८२ ला १२६, युरेनियम-२३८ मध्ये ९२ ला १४६, म्हणजे एका प्रोटॉनमागे दीडच्या पुढे. कारण प्रोटॉन सगळे पॉझिटिव्ह, एकमेकांना ढकलणार, आणि हे ढकलणं न्यूक्लियसच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचतं. बांधून ठेवणारं जे न्यूक्लिअर बल आहे ते जबरदस्त असलं तरी त्याचा हात आखूड, फक्त शेजारच्यापुरतं. न्यूट्रॉन ढकलत नाही आणि बांधायला मदत करतो, म्हणून मोठ्या न्यूक्लियसला तो जास्त घ्यावा लागतो. पण न्यूट्रॉन भरमसाठ झाले तरी न्यूक्लियस अस्थिर होतं, एखादा न्यूट्रॉन प्रोटॉन होऊन बीटा कण, म्हणजे वेगाने सुटलेला इलेक्ट्रॉन, बाहेर पडतो. ८२ च्या पुढे तर कितीही जुळवा, पूर्ण स्थिर असा एकही नाही. बिस्मथ-२०९ ला लोक स्थिर समजायचे, २००३ मध्ये कळलं की तोही मोडतो, फक्त इतका हळू की विश्वाचं वय त्याच्यापुढे काहीच नाही.

दुसरी सवय सम-विषमची, आणि ही मला स्वतःला फार आवडते. अणुअंक विषम असला तर टिकाऊ आयसोटोप जास्तीत जास्त दोन, त्याच्या वर जातच नाही. क्लोरीन १७, दोन. तांबं २९, दोन. चांदी ४७, दोन. सोनं ७९, एक. सम असला तर भरपूर, कथील म्हणजे टिन, अणुअंक ५०, त्याला चक्क दहा. प्रोटॉनना जोडीने राहायला आवडतं, न्यूट्रॉननाही, आणि दोन्ही विषम असले तर टिकणं फार अवघड, असे पूर्ण स्थिर फक्त चार आहेत: हायड्रोजन-२, लिथियम-६, बोरॉन-१०, नायट्रोजन-१४. मोझलीच्या रिकाम्या जागांपैकी ४३ आणि ६१, दोन्ही विषम, टेक्नेशियम आणि प्रोमेथियम, यांना एकही टिकाऊ आयसोटोप नाही, म्हणून तर ते इतके दिवस सापडत नव्हते. बेरिलियम सम असून एकच घेऊन बसलाय, त्याला अपवाद म्हणून सोड.

आता आर्गॉन-पोटॅशियम, आणि तुझी केळी, ही दोन्ही एकच गोष्ट आहे हे तुला बहुतेक कोणी सांगितलं नसेल.

पोटॅशियमचा अणुअंक १९. निसर्गात तीन आयसोटोप: ३९ वाला ९३.२६ टक्के, ४१ वाला ६.७३ टक्के, आणि मधे पोटॅशियम-४०, नुसता ०.०११७ टक्के, म्हणजे दहा हजार अणूंत जेमतेम एक. पोटॅशियम-४० मध्ये १९ प्रोटॉन आणि २१ न्यूट्रॉन, दोन्ही विषम! वर सांगितलं तसं याला चैन पडत नाही, हा मोडतो. पण याच्यापुढे दोन रस्ते आहेत आणि दोन्हीने तो जातो. शंभरातले ८९ अणू असं करतात की एक न्यूट्रॉन प्रोटॉन होतो, बीटा बाहेर, उरतात २० प्रोटॉन आणि २० न्यूट्रॉन, म्हणजे कॅल्शियम-४०. उरलेले ११ उलटं करतात, न्यूक्लियस आपल्याच आतल्या कक्षेतला एक इलेक्ट्रॉन गिळतो, प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो, १८ प्रोटॉन आणि २२ न्यूट्रॉन, म्हणजे आर्गॉन-४०. आता या तिघांचे आकडे एकाखाली एक मांड. अणुअंक १८, १९, २०. न्यूट्रॉन २२, २१, २०. मास नंबर तिघांचा ४०. यांना आयसोबार म्हणतात, मास नंबर सारखा, एलिमेंट वेगळे, आणि हेच तिघे जवळपास प्रत्येक गाइडमध्ये उदाहरण म्हणून छापलेले असतात, पण ते एकमेकांचे नातेवाईक आहेत हे कुठे लिहीत नाहीत.

पोटॅशियम-४० चं हाफ लाइफ, म्हणजे निम्मे अणू मोडायला लागणारा काळ, आहे १२५ कोटी वर्षं. पृथ्वी साडेचारशे कोटी वर्षांची. म्हणजे खडकांमधलं पोटॅशियम इतका काळ आर्गॉन-४० बनवत बसलंय, आणि आर्गॉन गॅस, कोणाशी रिऍक्शन नाही, खडकातून सुटला की हवेत जाऊन बसतो. आपल्या हवेत आर्गॉन ०.९३ टक्के आहे, कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त, आणि त्या आर्गॉनपैकी ९९.६ टक्के आर्गॉन-४० आहे, सगळा जवळजवळ पोटॅशियमच्या पोटातून आलेला. मूळचा आर्गॉन, सूर्यावर आहे तो, मुख्यतः आर्गॉन-३६ आहे. तो आपल्याकडे असता तर टेबलवर आर्गॉनचा आकडा ३६ च्या आसपास पडला असता, पोटॅशियमच्या खाली, आणि तुझा प्रश्न निर्माणच झाला नसता. पृथ्वीवरचा आर्गॉन जड आहे म्हणून तो उलटा दिसतो. पोटॅशियमची सरासरी ३९.१ कारण त्याच्यात ३९ वाल्यांचाच भरणा. क्रम वजनावर नाही, प्रोटॉनवर आहे, १८ नंतर १९, त्यामुळे टेबलला याचं काही देणंघेणं नाही. टेल्युरियम-आयोडीन आणि कोबाल्ट-निकेल या जोड्यांचंही असंच, टेल्युरियममध्ये १२८ आणि १३० वाले जड आयसोटोप जास्त म्हणून तो १२७.६, आयोडीन एकटा १२७, म्हणून हलका असूनही तो मागे. कोबाल्ट एकटा ५९, निकेलात ५८ वाल्यांचं बहुमत.

आणि हे खान्देशात शिकवायला सोपं जातं कारण पुरावा पायाखाली आहे. आपला काळा पाषाण, डेक्कन ट्रॅपचा बेसाल्ट, अजिंठ्याच्या डोंगरापासून साल्हेर-मुल्हेरपर्यंत जो दिसतो, तो लाव्हा होता. लाव्हा पातळ असताना त्यातला आर्गॉन उडून जातो. थिजला की घड्याळ शून्यावर, त्यानंतर जो आर्गॉन-४० बनेल तो स्फटिकांत अडकून पडणार. तो मोजला की वय निघतं. आपल्या खडकाचं वय साधारण ६.६ कोटी वर्षं, मग हिशोब मांड: पोटॅशियम-४० चे एक हजार अणू घेतले तर ६.६ कोटी वर्षांत त्यातले फक्त छत्तीसच्या आसपास मोडतात, आणि त्या छत्तीसातले ३२ कॅल्शियम होतात, ४ आर्गॉन. चार! मग ३२ वाला कॅल्शियम का नाही मोजत? कारण बेसाल्टमध्ये कॅल्शियम आधीच रग्गड आहे, त्यात हे ३२ शोधणार कुठून, सगळे कॅल्शियम-४० दिसायला सारखेच. आर्गॉन मात्र सुरुवातीला नव्हता, जो आहे तो नवा. फक्त आपल्या बेसाल्टात पोटॅशियम मुळात कमी आणि वरचा खडक कुजून मुरूम झालेला असला की आर्गॉन निसटून जातो, म्हणून जुन्या मोजण्यांत वयं इकडेतिकडे यायची. नंतर आर्गॉन-आर्गॉन पद्धत आली, मग झिरकॉन नावाच्या खनिजातलं युरेनियम-शिसं, आणि आकडा ६.६ कोटीजवळ पक्का झाला.

आता केळी. रील खोटं नाही, पण घाबरवणारं असेल तर येडपट आहे. पोटॅशियम कुठलंही घे, त्यात ०.०११७ टक्के पोटॅशियम-४० असणारच, ते वेगळं काढता येत नाही कारण केमिस्ट्री सारखीच, झाडाचं मूळ ३९ आणि ४० मध्ये फरक करत नाही. एक ग्रॅम पोटॅशियममध्ये सेकंदाला साधारण ३१ अणू मोडतात. एका केळ्यात पोटॅशियम अर्ध्या ग्रॅमपेक्षा थोडं कमी, म्हणजे सेकंदाला दहा-पंधरा. ऐकायला भीती वाटते ना? तुझ्या शरीरात दीडशे ग्रॅमच्या आत-बाहेर पोटॅशियम आहे, तिथे सेकंदाला चार हजारांवर अणू मोडू राह्यले, आत्ता, हे वाचताना, तू केळी खा नाहीतर नको खाऊ. आणि केळी खाल्ल्याने तो आकडा वाढून बसत नाही, कारण शरीर पोटॅशियम ठरावीकच ठेवतं, जास्तीचं किडनी बाहेर टाकते. बटाट्यात आहे, डाळीत आहे, खजुरात आहे. केळीचंच नाव निघतं कारण ती फेमस.

घरच्यांना पटवायचं असेल तर गोडाऊनमधली एमओपीची, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड खताची गोणी दाखव. गोणीवर ६० टक्के लिहिलेलं असतं ते ऑक्साइडच्या मापात, खरं पोटॅशियम ५० किलोच्या गोणीत २५ किलोच्या जवळपास. २५ हजार ग्रॅम गुणिले ३१, सेकंदाला साडेसात लाखांच्या वर. कोणा कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये गायगर काउंटर, म्हणजे रेडिओऍक्टिव्हिटी मोजणारं यंत्र, चालू असेल तर वाटीभर पोटॅश त्याच्या तोंडाशी धर, टिकटिक वाढलेली कानाला ऐकू येते, आम्ही पोरांना हे दाखवतो. तरी ती गोणी पिढ्यान्पिढ्या आपल्या ओसरीत पडून आहे आणि कोणाला काही झालेलं नाही, धोका असलाच तर उचलताना कंबरेला.

आयसोटोपची केमिस्ट्री सारखीच, असं मी वर ठोकून दिलं, त्याला एक मोठा अपवाद आहे तो हायड्रोजन. पोटॅशियम ३९ चा ४१ झाला तर पाच टक्क्यांचा फरक, पण हायड्रोजन १ चा २ झाला तर वजन सरळ दुप्पट. म्हणून ड्युटेरियमचं, म्हणजे या हायड्रोजन-२ चं पाणी, हेवी वॉटर, १०१.४ डिग्रीला उकळतं आणि ३.८ डिग्रीला गोठतं. साध्या पाण्यात साधारण साडेसहा हजार हायड्रोजनमागे एक ड्युटेरियम असतो, तुझ्या गावाजवळून जी तापी जाते तिच्यातही. तीच तापी पुढे गुजरातेत जाते, नवापूर ओलांडून व्याऱ्याकडे गेलं की काकरापारचं अणुवीज केंद्र आहे, तिथल्या रिऍक्टरमध्ये हेवी वॉटर वापरतात. कारण साधा हायड्रोजन न्यूट्रॉन गिळतो, ड्युटेरियमला आधीच एक न्यूट्रॉन आहे, तो फार कमी गिळतो, आणि त्यामुळे नैसर्गिक युरेनियम, ज्यात कामाचं युरेनियम-२३५ फक्त ०.७२ टक्के आहे, तेवढ्यावरच रिऍक्टर चालतो.

आयसोटोन राहिले, ते दोन ओळींत: न्यूट्रॉन सारखे, बाकी वेगळं. कार्बन-१४, नायट्रोजन-१५, ऑक्सिजन-१६, तिघांत आठ-आठ.

नीटला यायचं ते सहसा असं येतं: एका कणात १८ इलेक्ट्रॉन आणि २० न्यूट्रॉन आहेत, मास नंबर काढा. पोरं ३८ लिहून मोकळी होतात. थांब, चार्ज विचार. न्यूट्रल असेल तर प्रोटॉन १८, आर्गॉन-३८, मग ३८ बरोबर. चार्ज प्लस एक असेल तर प्रोटॉन १९, पोटॅशियम-३९. मायनस एक असेल तर प्रोटॉन १७, क्लोरीन-३७. म्हणजे त्या एमओपीच्या गोणीतला पोटॅशियम-३९ चा आयन आणि त्याच्या शेजारी बसलेला क्लोरीन-३७ चा आयन, दोघांत इलेक्ट्रॉन १८-१८, न्यूट्रॉन २०-२०, फरक फक्त दोन प्रोटॉनचा, आणि तेवढ्यावर एक प्लस आणि एक मायनस. प्लस दोन असेल तर कोण येईल ते तू काढ आणि पाठव, मास नंबर वर, अणुअंक खाली, दोन्ही सिंबॉलच्या डाव्या बाजूला, आणि चार्ज उजवीकडे वर. हे लिहायला विसरलास तर मार्क कापीन.